नोंदवहीतला नियम आणि अंमलातला नियम

कोणत्याही संस्थेत परवानगीच्या दोन याद्या असतात. एक कार्यालयातील नोंदवहीत असते आणि दुसरी दरवाजावरील पहारेकऱ्याच्या हातात. वसतिगृहात राहून शिकलेल्यांना आणि आपली मुले वसतिगृहात ठेवणाऱ्या पालकांना या दोन याद्यांमधील फरक सांगावा लागत नाही. मुलाला सुट्टीसाठी कोण घेऊन जाऊ शकेल, याची नोंद कार्यालयात बदलली, परंतु दरवाजावर जुनीच यादी राहिली, तर पहारेकरी जुन्याच नावाला वाट देईल. त्यात त्याचा दोष नाही. तो आपल्या हातातील यादीप्रमाणे चालतो. नियम कोठे लिहिला आहे यापेक्षा तो कोणाच्या हातातील यादीत उतरला आहे, यावर व्यवहार ठरत असतो.

बँका, विमा कंपन्या, मोठी रुग्णालये आणि सरकारी कार्यालये यांचे व्यवहार ज्या मोठ्या संगणकांवर चालतात, तेथेही हीच स्थिती असते. तेथेही एक नोंदवही असते आणि एक पहारेकऱ्याची यादी असते. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या यादीविषयी, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातील सुरक्षा-तक्त्यांविषयी, आणि ते तक्ते उघडून दाखवणाऱ्या एका लहानशा कमांडविषयी लिहीत आहोत. संगणकाच्या क्षेत्रात उतरलेल्या माजी विद्यार्थ्यांना यातील तपशील उपयोगी पडेल. ज्यांचा या क्षेत्राशी प्रत्यक्ष संबंध नाही, त्यांनाही आपली ठेव आणि आपली कागदपत्रे कोणत्या प्रकारच्या पहाऱ्यात असतात, याची कल्पना यावी, हा आमचा हेतू आहे.

सर्वाधिकार एकाच हाती

1969 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात झाली. तिच्या रचनेत एक वापरकर्ता सर्वशक्तिमान मानला गेला. त्याचे नाव 'रूट' आणि त्याचा क्रमांक शून्य. इतर सर्व वापरकर्त्यांना नियम लागू होतात, रूटला मात्र जवळजवळ कोणताही नियम अडवत नाही. तो कोणतीही फाइल वाचू शकतो, कोणाचाही पासवर्ड बदलू शकतो आणि संपूर्ण यंत्र बंद करू शकतो.

लहान प्रयोगशाळेत ही व्यवस्था सोयीची होती. मोठ्या संस्थेत ती अडचणीची ठरते. रात्रपाळीच्या माणसाला केवळ यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे असते, दुसऱ्याला केवळ माहितीची राखीव प्रत काढायची असते, तिसऱ्याला नव्या कर्मचाऱ्यांची खाती उघडायची असतात. परंतु या तिन्ही कामांना रूटचे अधिकार लागत असल्यामुळे तिघांनाही रूटचा पासवर्ड द्यावा लागतो. अशा रीतीने एका खोलीची किल्ली हवी असलेल्याच्या हाती साऱ्या इमारतीच्या किल्ल्यांचा जुडगा पडतो. पुढे काही विपरीत घडले, तर नोंदीत केवळ 'रूटने हे केले' एवढेच सापडते. त्या क्षणी रूट म्हणून कोण बसले होते, हे नोंद सांगत नाही.

या ठिकाणी प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही, तो माणसांचा होतो. जेथे पासवर्ड पाचजणांना ठाऊक असतो, तेथे संशय पाचही जणांवर येतो. आणि व्यवहारात तो प्रथम त्या पाचांपैकी सर्वांत कनिष्ठ, कंत्राटी किंवा नव्याने लागलेल्या माणसावर येतो. अधिकारांची नीट विभागणी संस्थेचे रक्षण करते, तसेच ती त्या कनिष्ठ कर्मचाऱ्याचेही रक्षण करते. 'हे काम करण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हताच' असे त्याला पुराव्यासह सांगता आले पाहिजे.

1975 मध्ये जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांत एक तत्त्व असे होते की, प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच आणि तेवढेच अधिकार असावेत. 1992 मध्ये डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी हा विचार पुढे नेऊन, अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावेत आणि व्यक्तीला ती भूमिका द्यावी, अशी पद्धती मांडली. 2004 मध्ये या पद्धतीला अमेरिकेत राष्ट्रीय मानकाचे स्वरूप मिळाले. शाळेतील उदाहरण घ्यायचे, तर कोठीची किल्ली अमुक एका गृहस्थांची नसते, ती कोठीप्रमुखाची असते. माणूस बदलला की किल्ली त्या पदावर येणाऱ्या पुढच्या माणसाकडे जाते.

एआयएक्समधील रचना

आयबीएम कंपनीने 1986 मध्ये एआयएक्स नावाची आपली युनिक्स बाजारात आणली. 2007 मध्ये आलेल्या तिच्या 6.1 या आवृत्तीत भूमिकांवर आधारलेली ही व्यवस्था विस्तृत रूपात देण्यात आली. तिच्यात तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी परवानगीची. प्रत्येक परवानगीला टिंबांनी जोडलेले नाव असते. यंत्र बंद करण्याच्या परवानगीचे नाव 'एआयएक्स.सिस्टिम.बूट.शटडाउन' असे आहे. पत्ता लिहिताना आपण जिल्हा, तालुका, गाव अशा क्रमाने जातो, तशी ही नावे मोठ्याकडून लहानाकडे जातात. 'एआयएक्स.सिस्टिम.बूट' ही वरची परवानगी ज्याला मिळाली, त्याला तिच्याखालील सर्व परवानग्या आपोआप मिळतात. म्हणून परवानगी देताना नाव कोठे थांबते, याकडे बारकाईने पाहावे लागते.

दुसरी पायरी भूमिकेची. काही परवानग्या एकत्र करून एक भूमिका तयार होते आणि ती वापरकर्त्याला दिली जाते. सुरक्षेचे धोरण ठरवणारा अधिकारी, दैनंदिन व्यवस्थापन पाहणारा प्रशासक आणि नेहमीची कामे करणारा चालक, अशा काही भूमिका एआयएक्समध्ये तयारच असतात. भूमिका मिळाली म्हणजे ती सदैव अंगावर असतेच, असे नाही. सामान्यतः 'स्वरोल' ही कमांड देऊन आणि स्वतःचा पासवर्ड सांगून ती धारण करावी लागते. एका वेळी अधिकाधिक आठ भूमिका धारण करता येतात.

तिसरी पायरी विशेषाधिकाराची. कोणता प्रोग्राम चालवण्यास कोणती परवानगी लागते आणि तो चालत असताना त्याला कोणते विशेषाधिकार मिळतात, हे प्रत्येक प्रोग्रामच्या नावासमोर लिहिलेले असते. येथे विशेषाधिकार माणसाला मिळत नाही, तो त्या कामाला आणि त्या कामापुरता मिळतो. रात्रपाळीचा चालक यंत्र बंद करू शकतो, परंतु त्याच बळावर त्याला इतरांच्या फाइली उघडता येत नाहीत.

ही व्यवस्था पूर्णपणे बसवल्यावर एआयएक्समध्ये रूटचे विशेष सामर्थ्य काढून घेण्याचीही सोय आहे. मग सर्वाधिकारी असा कोणीच उरत नाही, प्रत्येकाकडे आपापला वाटा राहतो.

पहारेकरी गाभ्यातच का?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. कोणताही प्रोग्राम फाइल उघडू पाहतो, उपकरणाला हात लावू पाहतो, तेव्हा त्याला कर्नेलकडे मागणी करावी लागते. परवानगी तपासण्याचे काम तेथेच करणे म्हणूनच योग्य ठरते. 1972 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलासाठी लिहिलेल्या अहवालात जेम्स अँडरसन यांनी अशा पहारेकऱ्याच्या तीन कसोट्या सांगितल्या होत्या. त्याला टाळून कोणालाही पुढे जाता येऊ नये, त्याच्या कामात कोणालाही ढवळाढवळ करता येऊ नये आणि तो इतका आटोपशीर असावा की, त्याची पूर्ण तपासणी करता यावी.

एआयएक्समध्ये नियमांच्या नोंदवह्या '/इटीसी/सिक्युरिटी' या ठिकाणी साध्या फाइलींच्या रूपात असतात. परवानग्यांची वही वेगळी, भूमिकांची वेगळी, प्रोग्रामांची वेगळी आणि उपकरणांची वेगळी. पुढे डोमेन म्हणजे कार्यक्षेत्रे आणि त्या कार्यक्षेत्रांत येणाऱ्या वस्तू यांच्या दोन वह्यांची भर पडली. परंतु कर्नेल प्रत्येक मागणीच्या वेळी या वह्या उघडून बसत नाही. या सहा वह्यांतील मजकुराची प्रत तो स्वतःजवळ तक्त्यांच्या रूपात ठेवतो आणि निर्णय त्या तक्त्यांवरून देतो. हेच कर्नेलमधील सुरक्षा-तक्ते होत.

वहीतील मजकूर तक्त्यात नेण्याचे काम 'सेटकेएसटी' ही कमांड करते, आणि ती कोणीतरी द्यावी लागते. नुसती वही बदलल्याने तक्ता बदलत नाही. ही उणीव वाटेल, परंतु तिच्यामागे विचार आहे. अर्धवट लिहिलेला नियम लागू होऊ नये, चार बदल करायचे असतील, तर ते पूर्ण झाल्यावर एकदम लागू व्हावेत, आणि तक्त्यात जाण्यापूर्वी नोंदींतील चुका तपासल्या जाव्यात, हे या रचनेमुळे साधते. मात्र त्याची किंमतही आहे. वही आणि तक्ता यांच्यात अंतर पडू शकते, आणि ते अंतर वहीकडे पाहून दिसत नाही.

तक्ता पाहण्याची रीत

हे अंतर दिसावे म्हणून 'एलएसकेएसटी' ही कमांड आहे. ती वही वाचत नाही, थेट कर्नेलमधील तक्ता वाचते. तिला '-टी' या चिन्हाने कोणता तक्ता हवा ते सांगावे लागते. परवानग्यांसाठी 'ऑथ', भूमिकांसाठी 'रोल', प्रोग्रामांसाठी 'सीएमडी', उपकरणांसाठी 'डेव्ह', कार्यक्षेत्रांसाठी 'डॉम' आणि त्यांतील वस्तूंसाठी 'डॉमऑब्ज'. त्यापुढे एखाद्या नोंदीचे नाव लिहावे किंवा सर्व नोंदी हव्या असल्यास इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'ऑल' हा शब्द लिहावा. सर्व भूमिका पाहायच्या असतील, तर 'एलएसकेएसटी -टी रोल ऑल' एवढे पुरते.

एरवी प्रत्येक नोंद एका ओळीत, गुण आणि त्याचे मूल्य अशा जोड्यांनी दिसते. माणसाने वाचण्यासाठी ती परिच्छेदासारखी मांडून हवी असेल, तर मोठ्या लिपीतील '-एफ', आणि दुसऱ्या प्रोग्रामला वाचण्यासाठी विसर्गचिन्हांनी तोडलेली हवी असेल, तर मोठ्या लिपीतील '-सी' जोडावे. ठरावीक गुणच पाहायचे असतील, तर लहान लिपीतील '-ए' आहे. पाहण्याने काहीही बदलत नाही, त्यामुळे ही कमांड वारंवार देण्यास संकोच नसावा. मात्र ती कोणीही द्यावी, अशी मुभा नसते. पहारेकऱ्याची यादी पाहणे हाही एक अधिकारच आहे.

आता एक उदाहरण क्रमाने पाहू. समजा, रात्रपाळीसाठी 'रातपाळी' नावाची भूमिका तयार केली आणि तिला यंत्र बंद करण्याची एकच परवानगी दिली. 'एलएसरोल' ही कमांड नोंदवही वाचते, त्यामुळे तिला विचारल्यास नवी भूमिका लगेच दिसते. त्याच वेळी 'एलएसकेएसटी -टी रोल रातपाळी' असे विचारल्यास अशी नोंद नसल्याचे उत्तर येते. चालकाने ती भूमिका धारण करण्याचा प्रयत्न केला, तर तो फसतो. 'सेटकेएसटी -टी रोल' दिल्यावर भूमिका तक्त्यात जाते, आणि मग दोन्ही कमांडींची उत्तरे जुळतात.

या प्रसंगात हानी फारशी नाही. काम अडते, चालक तक्रार करतो, चूक दुरुस्त होते. उलट दिशेचा प्रसंग मात्र वेगळा असतो. समजा, राखीव प्रत काढणाऱ्या भूमिकेला पूर्वी खाती बदलण्याचीही परवानगी दिली होती. तपासणीत ती अयोग्य ठरली, वहीतून काढण्यात आली आणि तसा अहवालही लिहिला गेला. परंतु 'सेटकेएसटी' द्यायची राहिली. आता वही म्हणते परवानगी नाही, अहवाल म्हणतो परवानगी नाही, आणि कर्नेल मात्र ती देत राहतो. या वेळी कोणाचेही काम अडत नाही, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. अधिक मिळालेल्या अधिकाराची तक्रार कधीच येत नसते. म्हणून असा प्रकार केवळ पाहण्यानेच कळतो.

तिसरा प्रकार आणखी सूक्ष्म आहे. 'सेटकेएसटी' ही कमांड '-टी' न लावता दिली, तर ती सर्वच तक्ते नव्याने भरते. एका प्रशासकाने प्रोग्रामांच्या वहीत प्रयोगादाखल काही अर्धवट लिहून ठेवले असेल आणि दुसऱ्याने भूमिकेतील किरकोळ बदलासाठी ही कमांड मोकळी दिली, तर पहिल्याचे अर्धवट लिखाणही त्याबरोबर अंमलात येते. ज्याने ते लागू केले, त्याला ते ठाऊकही नसते. यासाठी बदलापूर्वी आणि बदलानंतर सर्व तक्त्यांची प्रत काढून ती शेजारी ठेवून पाहणे हिताचे. जो फरक अपेक्षित होता, तेवढाच दिसला पाहिजे.

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. कोणत्या व्यक्तीला कोणती भूमिका दिली आहे, ही नोंद या सहा तक्त्यांत नसते. भूमिकेत काय आहे ते तक्ता सांगतो, ती भूमिका कोणाकडे आहे हे 'एलएसयूजर' या कमांडने वेगळे पाहावे लागते. कर्मचारी नोकरी सोडून गेला, तेव्हा केवळ तक्ते तपासून समाधान मानणे पुरेसे नाही.

इतर ठिकाणीही तेच

ही गोष्ट एकट्या एआयएक्सची नाही. लिनक्सवरील एसई-लिनक्स ही सुरक्षा-व्यवस्था अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने 2000 मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिची स्थिती दाखवणारी 'एसईस्टेटस' ही कमांड दोन वेगळ्या ओळी छापते. सध्या अंमलात असलेली अवस्था एका ओळीत आणि फाइलीत लिहिलेली अवस्था दुसरीत. या दोन ओळी वेगळ्या ठेवण्यामागे हाच अनुभव आहे. लिनक्समधील फायरवॉल सांभाळणाऱ्या 'फायरवॉल-सीएमडी' या कमांडीतही कायमस्वरूपी म्हणून लिहिलेला नियम पुन्हा भरण करेपर्यंत लागू होत नाही. जे विद्यार्थी आज शिकत आहेत, त्यांना एआयएक्सचे यंत्र हाताळायला मिळणे कठीण आहे. परंतु लिनक्स विनामूल्य मिळते, आणि एखाद्या साध्या जुन्या संगणकावरही वरील दोन कमांडी चालवून पाहता येतात. लिहिलेले आणि लागू झालेले यांतील अंतर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की, ते पुढे विसरले जात नाही.

पाहण्याची सवय

संगणकाची सुरक्षा म्हटले की, अवघड गुप्तलेखन किंवा दूरदेशीचे हल्लेखोर डोळ्यांसमोर येतात. परंतु तिचा मोठा भाग याहून साधा आहे. कोणाला कोणता अधिकार आहे, हे लिहून ठेवावे, लिहिलेले लागू करावे, आणि लागू झाले की नाही ते पाहावे. पहिल्या दोन गोष्टी संस्था सहसा करतात, कारण त्यांचे आदेश निघतात. तिसरीचा आदेश क्वचितच निघतो.

अशा ठिकाणी नव्याने काम करू लागणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना आम्ही एवढेच सुचवू की, आपल्याकडे सोपवलेल्या यंत्राच्या भूमिकांची यादी पहिल्याच आठवड्यात दोनदा काढावी, एकदा वहीतून आणि एकदा तक्त्यातून. त्या दोन्ही तारीख घालून जपून ठेवाव्यात आणि त्यांत फरक आढळल्यास तो तोंडी न सांगता वरिष्ठांना लेखी कळवावा. दर बदलानंतर हीच रीत ठेवावी. यास काही मिनिटे लागतात. पुढे कधी तपासणी झाली, विचारणा झाली, कोणावर बोट रोखले गेले, तर त्या दिवशी कोणाच्या हातात खरोखर कोणता अधिकार होता, याचे उत्तर त्या कागदांवर असेल.